सोपी भाषा

"इन्हेनिएरा, यातली सोपी कुठली?"

रुफिनोंनी फॉर्म चैत्रालीच्या कीबोर्डवरच ठेवला. ऑक्टोबरचा पहिला सोमवार होता. कंपनी यंदा प्रत्येकाला भाषेचा एक वर्ग फुकट देणार होती. पोर्तुगीज, इटालियन, फ्रेंच, जर्मन, जपानी. एका चौकोनात खूण करून शुक्रवारी दुपारी बारापर्यंत फॉर्म द्यायचा.

"आता कशाला हवी तुम्हाला नवी भाषा, माएस्त्रो?" तिने स्पॅनिशमध्ये विचारलं.

"बायको म्हणते, भांडायला स्पॅनिश पुरत नाही." ते हसले. "तू शिकलेली. स्पॅनिश बोलणाऱ्या माणसाला त्रेसष्टाव्या वर्षी यातली कुठली झेपेल? खरं सांग."

अमेरिकेतल्या नोव्हाय गावच्या त्या लॅबमध्ये ही दोघंच. गाड्यांची रबरी सील उष्णतेत, थंडीत, मिठाच्या फवाऱ्यात ठेवायची आणि ती कधी फुटतात ते मोजायचं. चैत्राली इंजिनिअर, रुफिनो ओर्तेगा टेक्निशियन. ते तिला इन्हेनिएरा म्हणत, म्हणजे इंजिनिअरबाई. ती त्यांना माएस्त्रो म्हणे, म्हणजे उस्ताद. आठ वर्षांपूर्वी मेक्सिकोतल्या कारखान्याशी बोलायचं काम तिच्याकडे आलं, तेव्हा डबा खाता खाता त्यांनीच तिला स्पॅनिश शिकवली होती, घरच्या पोरीला शिकवावी तशी, शिव्यांसकट. शिवाय प्रत्येक वस्तूवर चिठ्ठी लावायची सवयही त्यांचीच. "तारीख नाही तो नमुना नाही, कचरा आहे," असं म्हणत ते जाड मार्करने तारीख घालत. त्यांच्या इंग्रजी सातच्या पोटातून एक आडवी रेघ जायची.

चैत्रालीने फॉर्मवरच्या पोर्तुगीजच्या चौकोनाकडे पाहिलं.

गेल्या गुरुवारी मॅनेजर विक्रमने तिला केबिनमध्ये बोलावून दार लावून घेतलं होतं. विक्रम इथेच जन्मलेला. मराठी समजायचं, पण बोलणं निम्मं इंग्रजीत. "कोणाला सांगू नको, ओके? मेक्सिको इज डन. सगळं ब्राझीलला जातंय. लॅबमध्ये फक्त एक पोझिशन राहणार, अँड दॅट पर्सन नीड्स पोर्तुगीज. तुला स्पॅनिश येतं. जस्ट टेक द क्लास."

एकच जागा. नोकरी गेली तर व्हिसाचे साठ दिवस, मग देश सोडायचा. ग्रीन कार्डच्या रांगेत बारा वर्षं झाली होती. शैलेंद्र, तिचा नवरा, तिच्याच व्हिसावर. प्रीता अकरावीत. आणि रुफिनोंना पासष्टाव्या वर्षी सरकारी विमा सुरू व्हायचा होता, तोवर त्यांच्या बायकोची औषधं कंपनीच्या विम्यावर चालली होती. चैत्रालीला दोन्ही बाजू नीट माहीत होत्या. रविवारी तिने वाचून काढलं होतं, की स्पॅनिश आणि पोर्तुगीजमधले दहातले जवळजवळ नऊ शब्द सारखे असतात.

"इटालियन," ती म्हणाली.

"नक्की?"

"स्वर स्पॅनिशसारखेच स्वच्छ आहेत. ऐकून पटकन कळते. पोर्तुगीज वाचायला सोपी, पण ते लोक नाकातून बोलतात, निम्मं गिळून टाकतात."

यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. प्रयोगवहीत लिहिलं असतं तर कोणी लाल रेघ मारली नसती. तिला त्याचीच भीती वाटली.

रुफिनोंनी फॉर्मची घडी घालून खिशात ठेवली.

"तू त्यांना ब्राझीलचं बोलली नाहीस ना?" संध्याकाळी भेंडी चिरता चिरता शैलेंद्रने विचारलं.

"नाही."

"मग झालं तर. कॉन्फिडेन्शिअल होतं यार. तू कुठे खोटं बोललीस?"

"त्यांनी मला 'खरं सांग' म्हटलं होतं."

सुरी थांबली. "चैत्राली, साठ दिवसांत हे सगळं गुंडाळता येणार आहे का आपल्याला?"

"मॉम, आर वी मूव्हिंग?" प्रीता जिन्यात उभी होती. कधीची, कोण जाणे.

"नाही गं. चल, पानं घे."

त्या आठवड्यात चैत्रालीचा डबा रोज अर्धा परत येत होता. बुधवारी तिने दोन नमुन्यांची मापं उलटसुलट लिहिली. आठ वर्षांत पहिल्यांदा. रुफिनोंनी वही तिच्याकडे सरकवली आणि चुकीच्या ओळीवर बोट ठेवलं.

शुक्रवारी साडेअकराला ती उठली. रुफिनो फवाऱ्याच्या पेटीपाशी उभे होते.

"माएस्त्रो, तो फॉर्म. पोर्तुगीजच घ्या. मी नीट विचार करून सांगितलं नव्हतं."

"मंगळवारीच दिला मी. इटालियन."

"बारापर्यंत बदलता येतो. मी येते तुमच्याबरोबर."

"तू काय घेतलंस?"

तिला नजर वर करवेना. "पोर्तुगीज."

"मग बरोबर आहे. दोघांनी एकच शिकून काय करायचं?" त्यांनी पेटीचं झाकण उचललं. खारट वाफ दोघांच्या चष्म्यांवर बसली. "सहावं सील फुटलं बघ. लिहून घे."

तिने लिहून घेतलं. ब्राझीलचं सांगायचं राहूनच गेलं. भिंतीवरच्या घड्याळात बारा वाजले तेव्हा ती सातव्या सीलची जाडी मोजत होती.

नोव्हेंबरात ब्राझीलचं जाहीर झालं. जानेवारीत रुफिनोंची नोकरी गेली. तोवर दर मंगळवारी ते इटालियनच्या वर्गाला जात आणि बुधवारी डबा उघडताना म्हणत, "तू म्हणालीस तशीच आहे, इन्हेनिएरा. सोपी." शेवटच्या दिवशी त्यांनी आपलं टेबल ओल्या फडक्याने पुसलं आणि मार्कर तिच्या खणात ठेवला.

मार्चमध्ये ब्राझीलच्या लॅबशी व्हिडिओ कॉल होता. इकडच्या गोदामातून पाठवलेलं जुनं मशीन कस्टममध्ये महिनोन् महिने अडकलं होतं. ते आज उघडायचं होतं. तिकडची टेक्निशियन रेजिना हसून म्हणाली, "तुझी पोर्तुगीज ऐकली की वाटतं, मेक्सिकोची आहेस."

"माझे शिक्षक तिकडचे," चैत्राली म्हणाली.

रेजिनाने कॅमेरा लाकडी खोक्याकडे वळवला. झाकणावर चिठ्ठी होती. जाड मार्करने, मोठ्या अक्षरांत लिहिलेला ब्राझीलचा पूर्ण पत्ता. खाली आर. ओ. आणि तारीख: सतरा सप्टेंबर. सातच्या पोटातून आडवी रेघ.

चैत्रालीने दिवस मोजले. पुन्हा मोजले. ते फॉर्म घेऊन तिच्या टेबलाशी आले, त्याच्या एकोणीस दिवस आधी. हा पत्ता लिहून झाल्यावर त्यांनी तिला विचारलं होतं, सोपी कुठली, खरं सांग.

"ऐकतेयस ना?" रेजिना म्हणाली. "पॅकिंग कोणी केलं? रजिस्टरमध्ये नाव लागतं."

चैत्रालीने नाव सांगितलं. मग आडनावासकट, एकेक अक्षर सुटं करून, सावकाश.

"आणि कधी केलं?"

"बघ ना," ती म्हणाली, "तारीख आहे त्यावर."