दाराची पेंढी

"हात वर, फेम्मे! खिडकी उघडतेयस ना तू? मग कोपर असं गळाल्यासारखं काय?" चित्र काढता काढता हुब्रेख्त मालक खोलीच्या पार त्या टोकाहून ओरडले.

फेम्मेनं दात आवळून हात वर केला. काखेतून अशी कळ आली, की डोळ्यांपुढे काजवे चमकले. सकाळी अंग धुताना तिथं गाठ हाताला लागली होती, बोराएवढी. डेल्फ्टमध्ये प्लेगनं धुमाकूळ घातला होता. शेजारच्या दाराला कालच गवताची पेंढी बांधली होती. पेंढी बांधली की आतली माणसं आतच. मालकांना कळलं तर ते आपल्याला प्लेगच्या इस्पितळात धाडतील, या धसक्यानंच ती अर्धी झाली होती. मास्लँडला तिची आई होती. मरायचंच तर आईच्या मांडीवर, एवढंच तिला हवं होतं.

आणि मालकांना संशय आलाच होता की! आज रंग घोटायला बोलावलं नाही, न्याहारीचा पाव दाराबाहेर ठेवायला लावला. चित्रातली बाई पाठमोरी हवी, इकडे तोंडसुद्धा करू नकोस म्हणे. रिकामी खोली आणि बाईची पाठ! असलं चित्र कोण घेणार, देव जाणे.

"पुरे," मालक म्हणाले. "आता परसातून एक पेंढी आणून दाराशी ठेव, आणि मग—"

फेम्मे गर्रकन वळली. "मालक, हातापाया पडते तुमच्या! एवढीशीच गाठ आहे हो. इस्पितळात नका धाडू, आईकडे जाऊ द्या!"

कुंचला मालकांच्या डाव्या हातात होता. उजवा लुळा लोंबत होता. हे तिनं आत्ता पाहिलं.

"अगं बये," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले, "पेंढी माझ्यासाठी गं, माझ्याही काखेत आलीय गाठ. तुला मास्लँडच्या दुपारच्या नावेत बसवून मग बांधणार होतो. म्हणून तर सकाळपासून लांब ठेवलं तुला." त्यांनी मान फिरवली. "अजूनही वेळ आहे, जा. मी नाही कुणाला सांगायचो."

फेम्मे घाबरून रडली, पण नावेकडे गेली नाही. आईनं दारातच मिठी मारली असती, आणि रोग तिलाही लागला असता.

तिनं पेंढी आणली, स्वतःच्या हातानं दाराला बांधली, आत येऊन अडसर घातला आणि खिडकीशी जाऊन उभी राहिली.

"मालक," ती म्हणाली, "आता तुमच्याकडे तोंड केलं तर चालेल ना?"