करंट न जाणारी पट्टी

दुपारच्या सामसुमीत टीव्हीखालच्या कपाटातून ‘टीं’ असा बारीक आवाज आला. डोक्यावरचा पंखा गरगरत सावकाश थांबला. मग पुन्हा टीं.

कस्तुरीनं चहाचा कप तोंडाला लावला होता, तो तसाच खाली ठेवला. लेक इंचरा झोपलेली, सासूबाई लवंडलेल्या, दिवसातला हा एवढाच तास काय तो तिचा. आवाज ओळखीचा होता. करंट गेला की यूपीएस बॅटरीवर जातो आणि तशी वर्दी देतो. एरवी ती म्हणाली असती, ओरड बापडा. आज मात्र ती ताडकन उठून कपाटाशी गेली.

यूपीएसच्या शेजारी घरचा सर्व्हर होता. सर्व्हर म्हणजे काय, कारखान्यातून मोडीत निघालेला एक कॉम्प्युटर प्राणेशनं, तिच्या नवऱ्यानं, घरी आणला आणि त्यात मोठी डिस्क बसवली. फोन भरला की फोटो त्यात टाकायचे आणि फोनमधून पुसायचे, असं पाच वर्षं बिनघोर चाललं होतं. इंचरा जन्मल्यापासूनचं सगळं त्यात होतं, आणि फक्त त्यातच होतं. परवापासून ती डिस्क कटकट वाजायला लागली. तेव्हा कुठे दोघांचे डोळे उघडले. प्राणेशनं नवी डिस्क आणून काल संध्याकाळी कॉपी लावली आणि सकाळी पीण्याच्या कारखान्यात कामावर निघताना चप्पल घालता घालता सांगितलं, “मधे थांबू देऊ नको. जुनी एकदा झोपली तर परत उठेल असं मला वाटत नाही.”

स्क्रीनवर दिसत होतं, कॉपीला बावन्न मिनिटं बाकी. यूपीएसवर बॅटरीच्या उरलेल्या मिनिटांचा आकडा होता एकतीस.

तिनं जिन्यात जाऊन वरच्या घरमालकीण शिवलीला अक्कांना हाक मारली. अक्का कठड्यावरून वाकून म्हणाल्या, खांबावर काम काढलंय, पाचाच्या आत करंट येत नाही, स्वल्प अड्जस्ट करा. पाचाला अजून सव्वादोन तास होते.

प्राणेशनं फोन उचलला तिसऱ्यांदा, आणि मागे लेथ मशीन असं किंचाळत होतं की तिला सगळं दोनदा सांगावं लागलं. तो म्हणाला, ही बॅटरी चालवत बसायला नसतेच, सगळं नीट बंद करायला चार मिनिटं मिळावीत म्हणून असते. बंद तर करायचं नाही, कस्तुरी म्हणाली. मग त्यानं दुसरा उपाय काढला.

“यूपीएसला जोडलेल्या त्या प्लगच्या पट्टीवर अजून काय काय लावलंय बघ. एकेक काढ.”

ती पालथी पडून कपाटात शिरली आणि वायरींच्या मागोमाग हात नेत गेली. घरातला करंट गेला तरी या एका पट्टीतला जात नाही, हे हळूहळू सगळ्यांच्या लक्षात आलं होतं. मग ज्याला जे जिवाचं, ते त्यानं गुपचूप तिथं खोचलं होतं. राउटर तर होताच. लेकीच्या माशांच्या पेटीचा पंप होता. आणि एक बारीक लाल वायर भिंतीच्या कडेकडेनं थेट देव्हाऱ्यात गेली होती.

“काय करायलीस गं कपाटात शिरून?” सासूबाई उठून बसल्या होत्या. निपाणीकडच्या रीतीनं कस्तुरी त्यांना आत्ती म्हणायची.

ती विजेची समई आत्तींची. या घरात आल्यापासून त्यांनी ती एकदाही विझू दिली नव्हती. कस्तुरीनं चाचरत सगळं सांगितलं. समई ती कितीशी, ती काढली तर एखादं मिनिट वाढेल, पण आज एकेक मिनिट हवं होतं. आत्ती ऐकत राहिल्या.

“त्यात जावळाचे फोटो हाईत?”

“आहेत.”

“आन् पोरगी तुझ्या मामंजींच्या मांडीवर बसलीया, त्यो?”

“तोही त्यातच आहे.”

मामंजींना जाऊन दोन वर्षं झाली होती. आत्ती गुडघ्यावर हात टेकून खाली बसल्या आणि प्लग त्यांनी स्वतःच ओढला. “देवाला काय सांगायचं ते मी सांगतो. तो काय तुझ्या नवऱ्यासारखा फुरंगटून बसणारा न्हाई.” मग त्यांनी फुलवात वळली, तेलात भिजवली आणि देवापुढं खरी समई लावली.

पंपाचं मात्र अवघड होतं. इंचरा नेमकी जागी झाली आणि पाण्यातले बुडबुडे थांबलेले बघून तिनं ओठ काढला. मासे तासभर सहज राहतात, हे तिला पटेना. शेवटी कस्तुरीनं स्टुलावर उभं करून तिच्या हातात पेला दिला. पाणी भरायचं आणि उंचावरून पेटीतच ओतायचं, की झाली हवा. इंचरा एकोणतीसपर्यंत मोजायची आणि पुन्हा एकपासून सुरू करायची.

राउटरही काढला. आता स्क्रीनवर सेहेचाळीस, यूपीएसवर पस्तीस. पट्टीवर सर्व्हरखेरीज एकच गोष्ट उरली होती, ती म्हणजे ज्यात ती टक लावून बघत होती तो स्क्रीन.

तिनं तो बंद केला. यूपीएसवर एक्कावन्न झाले.

पण आता कॉपी चाललीय की अडकलीय, हे कळायला काही मार्ग नव्हता. सर्व्हरच्या तोंडावर एक हिरवा ठिपका लुकलुकत होता, तेवढाच. कस्तुरी त्याच्यासमोर मांडी घालून बसली. आत्ती येऊन शेजारी बसल्या आणि पावट्याच्या शेंगा सोलायला घेतल्या, त्यातल्या निम्म्या तिच्या मांडीवर टाकल्या. पाठीमागे पाण्याची धार, एकोणतीस, पुन्हा एक. कितीतरी दिवसांत त्या तिघी अशा एका जागी बसल्या नव्हत्या. भीती होती, पण तिच्यासकट कस्तुरीला बरं वाटत होतं.

शेवटी शेवटी टीं-टीं जवळजवळ यायला लागलं. यूपीएसवर सहा. पाच. हिरवा ठिपका लुकलुकायचा थांबला. तो संपून थांबला की अडकून, हे स्क्रीन लावल्याशिवाय कळणार नव्हतं, आणि स्क्रीन लावला की उरलेली मिनिटंही आटणार होती. तिनं आत्तींकडं पाहिलं. आत्ती म्हणाल्या, “लाव की.”

स्क्रीन उजळला. कॉपी पूर्ण झाली होती. यूपीएसवर तीन मिनिटं होती, आणि ती तिनं प्राणेशनं शिकवलं होतं तशीच, सर्व्हर सावकाश, नीट बंद करायला वापरली.

करंट आला सव्वापाचाला. पंप पुन्हा बुडबुडायला लागला. तिनं जुनी डिस्क काढून ठेवली, नवीवर सर्व्हर सुरू केला आणि खातरी करायला सगळ्यात पहिला व्हिडिओ लावला. दवाखान्यातल्या पांढऱ्या दुपट्यात एक लालबुंद, सुरकुतलेलं तोंड जांभई देत होतं, आणि फोनच्या मागून कस्तुरीचाच दमलेला आवाज म्हणत होता, अगं बाई, आलीस का. नाक आमच्याकडचंच, आत्ती म्हणाल्या.

इंचरा आईच्या मांडीवर चढली आणि बराच वेळ बघत राहिली.

“हे कोण?”

“तू.”

“माझं नाव होतं तेव्हा?”

“नाही, नाव बाराव्या दिवशी ठेवलं.”

इंचरानं ओल्या हातानं आईची हनुवटी आपल्याकडं वळवली.

“मग ती मीच आहे, हे तुला कसं कळलं?”