मुठीत अडकलेला कंट्रोलर

"अगं, सातव्या मजल्यावरचा तो डेंटर आहे ना, त्यानं म्हणे त्या खेळाच्या रिमोटनं बापाचा हात—"

एवढ्यात लिफ्टचं दार उघडलं, डेंटरची बायको आत आली आणि वाक्य तिथल्या तिथे गिळलं गेलं. बोलणाऱ्या काकूंनी लिफ्टच्या छताकडे असं पाहिलं की जणू तिथं काही लिहिलेलं आहे. त्यांच्या मैत्रिणीनं कांद्यांची पिशवी या हातातून त्या हातात घेतली. लिफ्ट खाली निघाली.

आता गंमत बघा. ज्या रिमोटबद्दल बोलणं चाललं होतं, तो तिथंच होता. डेंटरच्या बायकोच्या, म्हणजे आमच्या वहिनींच्या कापडी पिशवीत, छत्रीच्या शेजारी. तोच मी बोलतोय.

खरं तर मी एक कंट्रोलर. टीव्हीवरचे खेळ खेळायला लोक मला दोन्ही हातांत धरतात. डाव्या अंगठ्याखाली माणूस चालवायची दांडी, उजव्या अंगठ्याखाली चार बटणं. घरात मात्र सगळे मला रिमोटच म्हणतात. चालायचंच, माणसं माणसांनासुद्धा धड नावानं हाक मारत नाहीत.

माझा जन्म कारखान्यातला. पेटीत घालण्याआधी एका लोखंडी बोटानं माझं एकेक बटण शेकडो वेळा दाबून पाहिलं. मग दुकानाच्या काचेच्या कपाटात बरेच दिवस पडून होतो. एक दिवस चाळिशीचा एक माणूस आला. नखांत करडा रंग, मनगटावर भाजल्याचे डाग. हाच आमचा डेंटर, ठोकरलेल्या गाड्यांचे पत्रे ठोकून सरळ करणारा.

"तो जुना जपानी खेळ," तो दुकानदाराला म्हणाला, "राजपुत्राचं गाव जळतं तो. पुन्हा नव्यानं काढलाय म्हणे?"

"काढलाय की. गोष्ट तीच, चेहरे नवे. पूर्वी ठिपक्यांची बाहुली असायची, आता कपाळावरचा घामसुद्धा दिसतो."

"आणि शेवटचा राक्षस?"

"तो अजून तसाच. सुखासुखी मरत नाही."

दुकानदार हसला. डेंटर हसला नाही. त्यानं खेळ घेतला, मला घेतलं आणि घरापर्यंत पेटी छातीशी धरून चालला.

चाळिशीच्या बाप्याला असल्या खेळाचं एवढं काय, असं मलाही वाटलं. ते पहिल्याच आठवड्यात कळलं. वहिनींनी त्याला तेच विचारलं, आणि मी त्याच्या हातातच होतो.

"बारा वर्षांचा होतो," डेंटर म्हणाला. "महिनोन् महिने खेळून शेवटच्या राक्षसापर्यंत पोचलो होतो. आणखी दोन वार, की मेला असता. बाबा कारखान्यातली पाळी संपवून आले. मशीन वायरीसकट उचललं आणि भिंतीवर फोडलं. मग मला."

"मग तुम्हाला काय?"

"मग मला फोडलं."

वहिनी त्याच्या शेजारी येऊन बसल्या. त्या बेकरीत काउंटरवर उभ्या राहतात, दिवसभर शंभर माणसांचं ऐकतात, तसंच हेही शेवटपर्यंत ऐकत बसल्या.

"जुन्या खेळात पाळीपाळीनं मारामारी असायची," डेंटर पुढे म्हणाला. "आधी तू मार, मग राक्षस. तुझी पाळी आली की तू तासभर विचार करत बस, राक्षस आपला तलवार उगारून ताटकळत उभा. आमच्या घरात मारायच्या आधी माझी वाट बघणारा तेवढा एकच होता."

नवा खेळ तसा नव्हता. त्यात कुणी कुणासाठी थांबत नाही. तुम्ही घाम पुसायला हात उचलला की तेवढ्यात तुमचं मुंडकं खाली. गावं जळतात, पोटातून भाला आरपार जातो, हाड मोडलेलं ऐकू येतं. माझ्या पोटात एक बारकी मोटर आहे. पडद्यावर घाव बसला की ती थरथरते आणि तो घाव धरणाऱ्याच्या तळहातात पोचतो. डेंटर दिवसभर गॅरेजमध्ये हातोडा मारून यायचा, संध्याकाळी दोन तास तलवार मारायचा. गाव जाळणाऱ्या राक्षसाला तो ज्या शिव्या द्यायचा, त्या राक्षसाला लागू पडणाऱ्या नव्हत्या. "पोरांवर हात टाकतोस, भडव्या?" असं त्या सहा शिंगांच्या जनावराला कोण म्हणेल? त्यानं तर खेळभर एकाही पोराला हात लावलेला नाही!

आणि ज्याला त्या शिव्या लागू पडत होत्या, तो मागच्या खुर्चीत बसून ऐकत होता.

म्हातारा, म्हणजे डेंटरचा बाप, तीन महिन्यांपूर्वी इथं आला. अर्धांगाचा झटका येऊन उजवी बाजू लुळी पडली. बायको आधीच गेलेली, मुलगी फोनवर रडली आणि "मला नाही जमणार रे दादा" म्हणाली. मग डेंटरच जाऊन घेऊन आला. का आणलं ते विचारू नका, त्यालाही सांगता येत नाही.

म्हातारा तीस वर्षं पत्र्याच्या कारखान्यात प्रेसवर होता. प्रेस म्हणजे वरून धाडकन खाली येणारा लोखंडाचा ठोकळा. त्या खात्यात धड पंजा घेऊन निवृत्त होणारा माणूस विरळा. म्हणून पाहुणे आले की तो डाव्या हातानं उजवा उचलायचा, दोन्ही पंजे पसरायचा आणि म्हणायचा, "मोजा! दहाच्या दहा!" याच दहा बोटांनी घरात काय केलं, ते पाहुणे विचारत नसत आणि तो सांगत नसे.

हाताचा व्यायाम करून घ्यायला एक फिजिओवाली बाई यायची. हसरी, घाईची. तिनं मला टेबलावर पाहिलं आणि टाळीच वाजवली.

"अरे वा! हाच द्या की यांच्या हातात. उजव्या अंगठ्यानं बटण दाबू द्या. रोज अर्धा तास. बघा, कसा सुटतो हात!"

डेंटर मोठ्यानं हसला. तसं हसणं मी त्याच्या तोंडून आधी ऐकलं नव्हतं, नंतरही नाही.

पण सुरुवात झाली. सोफ्यावर डावीकडे डेंटर, उजवीकडे बाप. माझी डावी बाजू याच्या हातात, उजवी त्याच्या. राजपुत्राला चालवायचं मुलानं, वार करायचा बापानं. मी मधे. एक हात कढत आणि खरखरीत, दुसरा गार आणि जड. पहिल्या दिवशी त्यांची करंगळी करंगळीला लागली तर दोघांनीही विस्तव लागल्यासारखी मागे घेतली.

म्हाताऱ्याचा अंगठा निघायला वेळ लागे. मेंदूनं सांगितलेलं अंगठ्यापर्यंत पोचेस्तोवर पडद्यावर राजपुत्र तीनदा मरून पडलेला असे.

"अहो, यात ती जुनी पद्धतसुद्धा आहे म्हणे," वहिनी स्वयंपाकघरातून म्हणाल्या. बेकरीत येणाऱ्या कुणा कॉलेजच्या मुलीनं त्यांना सांगितलं होतं. "आत कुठंतरी निवडायचं असतं. मग राक्षस थांबतो. बाबांसाठी ती लावा ना."

"नाही लावणार."

"अहो, पण त्यांचा हात—"

"माझ्यासाठी थांबले होते का ते?"

म्हातारा पडद्याकडे बघत राहिला. "नको थांबायला," तो जड जिभेनं म्हणाला. "मी काय म्हातारा झालोय?"

हट्ट मात्र दोघांचा अगदी एका साच्यातला. वहिनी कपाळावर हात मारून परत आत गेल्या.

असे पंचवीस दिवस गेले. अंगठा खरंच सुटत चालला होता. फिजिओवाली बाई खूश. आणि एका रविवारी दुपारी ते दोघं शेवटच्या राक्षसासमोर जाऊन उभे राहिले.

काय सांगू तुम्हाला त्या दुपारचं! आकाश फाटलेलं, जमीन पेटलेली, राक्षसाच्या प्रत्येक फटक्यानं माझं पोट थरथर कापतंय. राजपुत्राचे सोबती एकेक करून पडले. एकाला चिरडलं, एकीला उभं चिरलं. शेवटी राजपुत्र एकटा उरला, आणि राक्षसाचं आयुष्य दोन वारांचं. डेंटरचा घाम माझ्या पाठीवर टपकत होता. तो तिथंच येऊन पोचला होता, बारा वर्षांचा असताना जिथं थांबवला गेला होता.

"मारा, बाबा."

एक वार बसला.

"मारा!"

अंगठा निघेना. राक्षसानं शेपटी उगारली.

"बाबा, मारा ना!"

म्हातारा गोंधळला, चिडला, आणि जे आयुष्यभर केलं तेच त्याच्या धडधाकट हातानं आपोआप केलं. डावा हात वळवून त्यानं मुलाच्या थोबाडीत ठेवून दिली. "नीट धर, गाढवा!"

डेंटरनं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यानं आपला पंजा बापाच्या उजव्या पंजावर ठेवला आणि आवळला. पत्रे सरळ करणारा पंजा तो.

"दाब," तो म्हणाला. "दाब म्हणतो ना तुला! दाब!"

मी दोघांच्या मधे चेंगरलो. अंगठा माझ्या बटणावर आडवा पडला होता, आणि वरून मुलाचा सगळा भार. माझं बटण आत गेलं की 'कट्' असा आवाज होतो. तसा आवाज झाला, पण मोठा, आणि आधी मला वाटलं माझंच काहीतरी मोडलं.

वार बसला. राक्षस कोसळला. पडद्यावर पांढराशुभ्र उजेड पसरला, सनई वाजावी तसलं मंगल संगीत सुरू झालं, जळालेल्या गावावर पाऊस पडू लागला. लुळ्या हाताला कळ उशिरा पोचते. म्हातारा आधी पडद्याकडे बघून म्हणाला, "मेला?" आणि मग ओरडला.

झटका आलेल्या हाताची एक खोड असते. घाबरला की तो मिटतो, आणि मिटला की उघडत नाही. चार बोटं माझ्याभोवती अशी गच्च बसली की काही केल्या सुटेनात. म्हणून मलाही तसंच मुठीत घेऊन दवाखान्यात नेलं. टॅक्सीभर डेंटर बापाचा हात खालून पेलून बसला होता. थोबाडीतले वळ त्याच्या गालावर आता उमटले होते.

डॉक्टरांनी कोमट पाण्याच्या पट्ट्या ठेवून एकेक बोट सोडवलं. मला टेबलावर ठेवलं.

"कसं झालं हे?"

"पडलो," म्हातारा म्हणाला. "मोरीत."

"पडले नाहीत," डेंटर म्हणाला. "मी मोडलं."

डॉक्टरांचं पेन थांबलं. म्हातारा तळमळला. "त्याच्याकडे लक्ष देऊ नका. डाव्या कानानं ऐकू येत नाही त्याला. तुम्ही विचारलं एक, तो सांगतोय भलतंच."

डॉक्टरांनी डेंटरकडे पाहिलं. "कधीपासून ऐकू येत नाही?"

डेंटर बापाकडे बघू लागला. हे वहिनींनाही नवीन होतं. एवढ्या वर्षांच्या संसारात त्या रोज त्याच्या उजव्या बाजूला झोपत आल्या होत्या. त्यालाच ती बाजू आवडते, असं त्या धरून चालल्या होत्या. आता त्या नवऱ्याच्या कानाकडे बघत राहिल्या.

"ते मशीन फोडलं ना," म्हातारा शेवटी म्हणाला, "त्याच दिवसापासून. मी मारलं होतं."

कुठलं मशीन ते डॉक्टरांना कळलं नाही. पण त्यांनी पुढे विचारलं नाही. त्यांनी काय लिहून घेतलं ते मला टेबलावरून दिसलं नाही. दुसऱ्या दिवशी एक पोलीस घरी आला, म्हाताऱ्याला एकट्याला खोलीत बसवून अर्धा तास बोलला, पाणी पिऊन गेला. म्हाताऱ्यानं तक्रार दिली नाही. इमारतीला मात्र तेवढा पोलीस पुरला.

प्लास्टर निघेपर्यंत मी टेबलावर पडून होतो. डेंटर गॅरेजमधून आला की बापाला भरवायचा. त्याचा हात मधेच थांबायचा, तो आपल्याच पंजाकडे बघत बसायचा. एकदा वहिनींना म्हणाला, "मला तेव्हा बरं वाटलं गं. मोडलं तेव्हा. एक क्षणभर फार बरं वाटलं. त्याचीच भीती वाटते." त्या म्हणाल्या, "ती भीती वाटत राहू दे."

प्लास्टर काढलं त्या संध्याकाळी त्यानं खेळ पहिल्यापासून सुरू केला. जुनी पद्धत निवडली. मला बापाच्या हातात दिलं, सगळाच्या सगळा, आणि आपण हाताची घडी घालून बसला. राक्षस तलवार उगारून उभा राहिला.

एक मिनिट गेलं. दोन गेली. वाकडा जुळलेला अंगठा सरकेना.

"माफ केलं का रे?" म्हाताऱ्यानं पडद्याकडे बघतच विचारलं.

"नाही."

"मग?"

"थांबलोय. मारा तुमच्या सवडीनं."

मग माझं ते बटण अडकायला लागलं. दबलं की नखानं उपटून वर काढावं लागे. म्हणून आज वहिनींनी मला पिशवीत घातलं. दुरुस्तीवाल्यानं मला उघडलं आणि नाक मुरडलं. "किती जोरानं दाबलंय हे! बाई, बटण जोरात दाबलं म्हणून तलवार जोरात लागत नाही, सांगा घरी."

"कळलंय आता," वहिनी म्हणाल्या.

परत येताना लिफ्टमध्ये त्याच काकू. एकट्याच. वहिनींनी सातचं बटण दाबलं आणि वळल्या.

"काकू, मघाशी तुमचं वाक्य अर्धं राहिलं."

काकू लाजल्या, पण मागे हटणाऱ्यातल्या नव्हत्या. "अगं, लोक म्हणतात हो. रिमोटनं मारून बापाचा हात तोडला, आणि आता म्हाताऱ्याला आश्रमात टाकून आले. खरं का?"

"मारलं नाही. मोडलं. हात नाही, अंगठा. आणि मोडला तो माझ्या नवऱ्यानंच."

काकूंचा हात तोंडावर गेला. "अगंबाई! आणि म्हातारा?"

"घरीच आहेत. याची वाट बघत बसलेत," आणि त्यांनी पिशवी थोडी वर उचलून मला दाखवलं.

काकूंनी माझ्याकडे पाहिलं, अगदी वाकून, डोळे बारीक करून. काय बघायचं ते बघून घ्या, काकू. हाड माझ्या अंगावर मोडलं, हे खरं आहे आणि ते पुसून निघायचं नाही. पुढच्या वेळी कुणाला सांगाल तेव्हा एवढंही सांगा, की आमचा डेंटर डॉक्टरांपुढे खोटं बोलला नाही.

आमचा मजला आला. येतो मी.