बापूरावांचे दुःखद निधन

डेन्मार्कमधल्या लोकांनी मासे खाणं का कमी केलं, हे विचारायचं नसतं. त्यांनी ते कमी केलं, एवढंच सांगायचं. आधी हळूहळू, मग झपाट्याने, आणि शेवटी चार्टवरची रेषा आडवी झाली. कारण सांगितलं की मार्क गेले.

हडपसरला टायरच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर भरणाऱ्या, परदेशी जाण्यासाठीच्या इंग्रजी परीक्षेच्या क्लासमध्ये साई सर हा नियम रोज सांगत. साई सर स्वतः कधी परदेशी गेले नव्हते, पण परदेशी जाणाऱ्यांना निरोप देण्याचा त्यांचा अनुभव दांडगा होता.

“मॅडम, तुम्ही फिजिओथेरपिस्ट आहात,” ते दीक्षाला म्हणत. “तिकडे पेशंटचा गुडघा का दुखतो ते खुशाल शोधा. इथे गुडघा फक्त बघायचा. वर गेला, खाली आला, स्थिर राहिला. संपलं.”

दीक्षा दोनदा परीक्षेला बसली होती आणि दोन्ही वेळा लेखनात तिला नऊपैकी साडेसहा मिळाले होते. हवे होते सात. आयर्लंडमधल्या एका रुग्णालयाने तिची जागा ऑगस्टपर्यंत राखून ठेवली होती, आणि त्या अर्ध्या गुणावाचून ती जागा दुसऱ्या कुणाला जाणार होती. बाकी ऐकणं, वाचणं, बोलणं यांत तिला भरघोस गुण होते. लेखनातच अडणं हा लहानपणापासून हाताला लागेल ते पुस्तक वाचत आल्याचा परिणाम असावा. कारण ज्यांनी साई सरांच्या झेरॉक्सपलीकडे काही वाचलं नव्हतं, ते सात, साडेसात घेऊन विमानात बसत होते.

चार्टचं वर्णन करताना ती कारणं देई आणि निबंधात अडे. निबंधाला स्वतःच्या आयुष्यातलं उदाहरण लागतं. काही लोकांच्या मते शहरांत सायकली वाढाव्यात, इतरांच्या मते नाही. दोन्ही बाजू मांडा, मत द्या, उदाहरण द्या. दीक्षाच्या आयुष्यात सायकलीसंबंधी काहीच घडलं नव्हतं, आणि खोटं लिहायला तिचा हात धजत नसे.

“अगं, परीक्षक काय येरवड्याला येऊन चौकशी करणार आहे का?” तिचे बाबा म्हणाले होते. दशरथराव टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. रोज सकाळी ते तिच्यासमोर घड्याळ लावून बसत. “त्याला तू नको आहेस, उदाहरण हवंय. लिही. माझे काका बापूराव यांनी अडुसष्टाव्या वर्षी स्कूटर विकून सायकल घेतली.”

“बाबा, असे काका कुठे आहेत?”

“नाहीत म्हणून तर बरं. असते तर सायकल घेतली नसती.”

अशा रीतीने बापूरावांचा जन्म झाला, तोही एकदम अडुसष्टाव्या वर्षी. त्यानंतर त्यांनी पाठ टेकली नाही. संगणकावरच्या निबंधात ते सत्तरीत संगणक शिकले आणि पुढच्याच निबंधात संगणकापायी एकाकी पडले. ते खेडं सोडून शहरात आले, पस्तावले, परत गेले, तिकडेही पस्तावले. प्राणिसंग्रहालयं असावीत की नसावीत, या प्रश्नावर ते कात्रजला जाऊन वाघासमोर उभे राहिले आणि त्याला सॉरी म्हणाले. ते सॉरी बाबांचंच. “म्हणू दे त्याला,” ते म्हणाले, “वाघाला कुणी म्हणत नाही. शिवाय पाच-सहा शब्द वाढतात.” चार्टमध्ये बापूरावांना प्रवेश नव्हता, तरी बाबा त्यांना आत घुसवायला बघत. “डेन्मार्कात मासे का कमी झाले? बापूराव तिकडे जेवून आला.”

स्वयंपाकघरातून आई ओरडे, “त्या मेल्या बापूरावाला एकदा घरी बोलवा, म्हणजे मी पण ऐकवते चार गोष्टी!”

फेब्रुवारीत एका सकाळी पेपर वाचता वाचता बाबा गेले. परीक्षा मेमध्ये होती.

भेटायला येणाऱ्यांचं एक ठरलेलं असतं. आधी दारात थबकायचं, मग हात जोडायचे, मग खुर्चीच्या कडेवर बसून विचारायचं, “कसं काय झालं?” इथे मात्र नुसत्या वर्णनावर कुणी समाधानी नव्हतं. इथे कारण लागत होतं. “शुगर होती का?” नव्हती. “बीपी?” नव्हतं. “चालायला जात नसतील.” रोज जात होते, कल्याणीनगरच्या पुलापर्यंत. एवढं ऐकल्यावर माणसं जरा नाराजच होत. चालणारा, गोड न खाणारा माणूस असा अचानक जातो म्हणजे काय? मग स्वतः जिना चढून आल्याचा उपयोग काय? चहा अर्धा टाकून ती उठत.

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात भंतेजींनी त्रिशरण-पंचशील दिल्यानंतर भाषणं झाली. दशरथराव मनमिळाऊ होते, असं सगळ्यांनी सांगितलं. पाण्याच्या पंपावरून बाबांचं अर्ध्या इमारतीशी भांडण होतं, आणि ती अर्धी इमारत पहिल्या रांगेत बसून मान डोलवत होती. दीक्षाला बोला म्हणाले. तिने मानेनेच नाही म्हटलं.

क्लासच्या ग्रुपवर तिने एवढंच लिहिलं होतं: घरी दुःखद घटना घडली आहे. दोन आठवडे येता येणार नाही.

साई सरांनी यावर विचार केला असावा. दीक्षा मॅडमच्या घरातलं त्यांना निबंधांतून माहीत असलेलं वयस्कर माणूस एकच होतं. संध्याकाळी ग्रुपवर समई, कमळ आणि काळी चौकट असलेलं चित्र झळकलं. ‘आमच्या विद्यार्थिनी दीक्षा मॅडम यांचे काका कै. बापूराव यांचे दुःखद निधन. ईश्वर मृतात्म्यास शांती देवो.’ खाली क्लासचा पत्ता, फोन नंबर आणि नव्या बॅचची तारीख.

दीक्षाने ते तीन वेळा वाचलं. ईश्वराचा आणि आत्म्याचा प्रश्न तिच्या आजोबांनी छप्पन साली नागपूरला जाऊनच निकालात काढला होता. बापूरावांना तर देहही नव्हता. ‘काका नाही, वडील’ असं तिने टाइप केलं आणि मग पुसून टाकलं. दुरुस्ती पाठवली असती तर सगळे हात पहिल्यापासून पुन्हा जोडले गेले असते. आणि मागोमाग शुगर आली असती.

ती परत क्लासला गेली तेव्हा साई सरांनी सगळ्यांना उभं केलं. खालच्या दुकानात कुणीतरी टायर बडवत होतं. त्या तालावर बापूरावांसाठी दोन मिनिटं शांतता पाळण्यात आली.

मधल्या सुट्टीत श्रद्धा जवळ आली. ती आयटीतली, मगरपट्ट्यात नोकरीला. “ताई, सो सॉरी. मला रिअली वाईट वाटलं. म्हणजे अडुसष्टाव्या वर्षी सायकल! माझे पप्पा कोपऱ्यावरून दूध आणायला कार काढतात.”

“मी तर वाघाचा निबंध दोनदा वाचला,” वैजनाथ म्हणाला. तो नांदेडचा, इथे एका रुग्णालयात नर्स होता. “वाघासमोर जाऊन सॉरी म्हणणं, ताई, आपल्याला सुचलंच नसतं हो. आपण काय, फोटो काढणार. जरा सर्किटच असतील ना ते? राग मानू नका.”

“होते जरा,” दीक्षा म्हणाली आणि तिला हसू आलं. हसू आलं म्हणून ती चपापली. बाबा गेल्यापासून डझनभर भाषणं तिने ऐकली होती, त्यात बाबांनी उच्चारलेलं एक वाक्यही नव्हतं. इथे एक माणूस बाबांचं बोलणं जसंच्या तसं सांगत होता. कुणाचं ते त्याला ठाऊक नव्हतं, इतकंच.

“पण तुम्ही वाचला कुठे?” तिने विचारलं.

“सर देतात ना. झेरॉक्स.” वैजनाथने पिशवीतून पानं काढली. वर तिचं नाव खोडून ‘सॅम्पल’ लिहिलेलं होतं.

आता तिला लिहिता येईना. उदाहरणाची जागा आली की हात थांबे. बापूरावांकडून काही करवून घ्यायचं तर समोर घड्याळ लावून कुणी बसलेलं हवं होतं. सरावाच्या पेपरांत तिला सहा पडले, मग साडेपाच. मे जवळ येत होता, आणि तिच्या गुणांची रेषा डेन्मार्कच्या माशांसारखी निघाली होती.

एप्रिलमध्ये साई सर घाम पुसत वर्गात आले. क्लासच्या कात्रज शाखेतल्या एका मुलाचा निकाल अडकला होता. उत्तर पाठ करून लिहिल्याचा संशय.

“सगळ्यांनी ऐका. आजपासून बापूराव बंद. कुणीही बापूराव लिहायचे नाहीत. सायकल नाही, वाघ नाही, काही नाही. त्या पोराच्या आधी कात्रजच्या सात जणांनी एकाच शनिवारी वाघाला सॉरी म्हटलंय.”

वर्ग सुटल्यावर दीक्षा त्यांच्या टेबलापाशी गेली.

“सर, ते माझे होते.”

“मान्य आहे मॅडम. पण आता ते सगळ्या बॅचेसचे झालेत. तुम्ही लिहिलंत तर तुम्हीच कॉपी ठराल. काय करणार?”

“न विचारता वाटलेत तुम्ही.”

“चांगलं होतं म्हणून वाटलं ना. वाईट एसे कोण वाटतं?” साई सरांनी पाण्याची बाटली उघडली. “तुम्ही दुसरं कुणीतरी घ्या. घरात माणसं नाहीत का? वडील वगैरे?”

दीक्षाने टेबलावरच्या झेरॉक्सचा गठ्ठा सरळ केला.

“वडीलच गेले, सर. फेब्रुवारीत. बापूराव कुणी नव्हतेच. ते वडील सांगायचे आणि मी लिहायचे.”

साई सरांनी बाटलीचं झाकण लावलं. मग उघडलं. मग पुन्हा लावलं.

“म्हणजे मी ते पोस्टर...”

“हो.”

“आणि दोन मिनिटं शांतता...”

“ती चालेल.”

त्यांनी फोन हातात घेतला. “एडिट करून परत टाकू का?”

“नको. नव्या बॅचची तारीख उलटून गेली आता.”

ते ओशाळून हसले. मग खुर्ची पुढे ओढून, अगदी मनापासून म्हणाले, “मग मॅडम, रागावू नका, पण तुमच्याकडे खरं उदाहरण आहे. खरं फार कमी जणांकडे असतं. वडिलांना घ्या. सात नक्की.”

तिला राग यायला हवा होता. आला नाही. तो माणूस त्याच्या भाषेत सांत्वन करत होता. भेटायला आलेल्यांपेक्षा काही वाईट करत नव्हता.

परीक्षेच्या दिवशी चार्ट आला पाच देशांतल्या ग्रंथालयांचा. वाचक घटले होते. का घटले, यावर दीक्षाकडे सांगण्यासारखं पुष्कळ होतं. तिने दात आवळून फक्त रेषा बघितल्या. एक आधी हळूहळू खाली आली, मग झपाट्याने, मग आडवी झाली. तिने तेवढंच लिहिलं आणि पूर्णविराम दिला.

निबंध होता, जुन्या वस्तू दुरुस्त कराव्यात की नव्या घ्याव्यात.

तिने बाबांना घेतलं. माझे वडील घरातला मिक्सर स्वतः दुरुस्त करत. हे खरं होतं. मग दुरुस्तीनंतर घरातले दिवे जात, हेही खरं होतं. शेवटी त्यांनी गुपचूप तसाच नवा मिक्सर आणला, जुना माळ्यावर दडवला आणि आईला सांगितलं, बघ, केला की नाही ठीक? आईने तो पहिल्याच दिवशी ओळखला आणि कधी दाखवलं नाही. दीक्षा लिहीत गेली. पडद्यावरचं घड्याळ बघितलं तेव्हा निम्मा वेळ संपला होता आणि मुद्दा एकही झाला नव्हता. बाबा दुरुस्तीच्या बाजूने बसेनात, नव्याच्याही बाजूने बसेनात. मिक्सर घेऊन ते मधोमध उभे होते. साई सरांच्या झेरॉक्समध्ये त्यांच्यासाठी परिच्छेद नव्हता.

काही माणसांचं उदाहरण होत नाही. तिने सगळं निवडलं आणि पुसून टाकलं. पांढऱ्या पडद्याकडे ती क्षणभर पाहत राहिली. तेवढ्या क्षणात ऑगस्टची जागा जात होती.

मग तिने लिहिलं, माझी मावशी द्वारका हिच्याकडे तिच्या सासूचं शिवणयंत्र आहे. अशी मावशी नव्हती. दीक्षाच्या आईला बहीणच नव्हती. पण पुढच्या वाक्यात द्वारका मावशीने यंत्राचा पट्टा स्वतः बदलला, त्याच्या पुढच्यात दुकानदाराला चार शब्द सुनावले, आणि हे शब्द कोणते, तेही दीक्षाला ऐकू आले. बाई तोंडाने फटकळ होती. कुणी सुचवत नव्हतं. बोटं आपोआप चालली होती, आणि शब्द पुरे होऊन वर उरत होते.

निकाल लागला. लेखन, सात.

साई सरांचा फोन आला. आधी अभिनंदन, मग थोडं थांबणं, मग मूळ मुद्दा. “मॅडम, वडिलांचंच उदाहरण ना?”

“नाही. मावशीचं.”

“अच्छा! त्या... आहेत ना?”

“ठणठणीत आहे.”

“मग मॅडम, जूनच्या बॅचला एक सॅम्पल म्हणून...”

“सर, तिला चालणार नाही. फार बोलते ती.”

फोन ठेवून ती स्वयंपाकघरात गेली. आईने गॅस बारीक केला आणि सात म्हणजे किती पैकी, हे विचारून घेतलं. मग तिने तिकीट कधीचं काढायचं ते विचारलं, तिकडे थंडी किती असते तेही विचारलं. जा किंवा जाऊ नको, यातलं काहीच ती म्हणाली नाही. शेवटी कणीक मळता मळता म्हणाली, “लिहायला काय आलं होतं गं?”

“जुन्या वस्तू दुरुस्त कराव्यात की नव्या घ्याव्यात.”

आईचा हात थांबला. तिने माळ्याकडे बघितलं, मग दीक्षाकडे.

“मिक्सरचं नाही ना लिहिलंस?”

“लिहिलं होतं,” दीक्षा म्हणाली. “पुसलं.”

“बरं केलंस,” आई म्हणाली. “परक्या माणसाला काय कळणार ते.” आणि तिथेच, कणकेच्या हातांनी, ती खाली बसली आणि पहिल्यांदाच रडली. दीक्षाने गॅस बंद केला आणि तिच्याशेजारी जाऊन बसली.