देखणी काच

काही सुंदर दिसलं की धाकटी देवाला मधे आणायची. फुलपाखरू दिसो, नाहीतर कोळ्याचं जाळं, हिचं आपलं ठरलेलं. "ताई, एवढं देखणं आपोआप होतं होय? कुणीतरी केलंच असणार."

ताईचं डोकं फिरायचं. ती इस्पितळाच्या लॅबमध्ये कामाला. रोग्याच्या अंगातून काढलेला तुकडा मेणात बसवायचा, त्याचे कागदाहून पातळ काप काढायचे, काचेवर घेऊन जांभळ्या-गुलाबी रंगात बुडवायचे. "ये एकदा माझ्याकडे," ती म्हणायची. "एकेक रोग कसा नटूनथटून बसतो ते दाखवते. म्हणे देव!" या वादात दोघींची निम्मी हयात गेली होती.

लॅबमधल्या लोकांना एक खोड होती. काचेवर फक्त नंबर असतो, नाव डॉक्टरांच्या कॉम्प्युटरमध्ये. नाव नाही म्हटल्यावर माणूस निर्ढावतोच. एखादी काच फारच खुलून आली की सगळ्यांना हाक मारायची, आळीपाळीनं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायचा, वाहवा करायची. एका सकाळी ताईच्या हातून अशी काच उतरली की काही विचारू नका. जांभळी वळणं, मधून गुलाबी रेघा, कुठे फाटलेलं नाही, सुरकुती नाही. "या रे, डोळ्यांचं पारणं फेडून घ्या," ती म्हणाली. सगळे आले, बघून गेले. मग चहा झाला.

संध्याकाळी डॉक्टरांनी तिला आत बोलावलं, सकाळच्या त्या काचेच्या नंबरापुढचं नाव दाखवलं आणि विचारलं, हे आडनाव तुमच्या माहेरचं ना? अंगात आलेल्या गाठीबद्दल धाकटीनं चकार शब्द काढला नव्हता. ताईच्या जिवाला घोर नको, म्हणून परस्पर तुकडा देऊन आली होती. ताईला स्वतःच्या जिभेची किळस आली.

पुढे उपाय थकले. धाकटी अंथरुणाला खिळली. भेटायला आलेल्या लॅबमधल्या एका दीडशहाण्यानं तिला त्या काचेची हकिगत सांगून टाकली. तो गेल्यावर तिनं ताईला जवळ बसवलं.

"खरं सांग. माझं आहे हे कळायच्या आधी तुला ते सुंदर वाटलं होतं?"

नाही म्हणणं सोपं होतं. पण हिला उरलासुरला आधार त्या देवाचाच, आता वाद जिंकून काय दिवे लावायचेत, असं ताईला वाटलं. ती म्हणाली, "हो गं. तितकं देखणं मी कधीच पाहिलं नव्हतं."

धाकटीनं तोंड भिंतीकडे वळवलं.

"म्हणजे चुकून झालेलं नाही. मन लावून केलंय त्यानं."

"अगं, कुणी नाही केलं," ताई म्हणत राहिली. "आपोआप होतं. असंच होतं गं." जन्मभर तावातावानं सांगितलेलं तिला आता धड सांगताही येईना. आणि धाकटी काही तिच्याकडे वळेना.