तेविसावं नाव

मारिटला किळस लवकर येई, आणि एकदा आली की जात नसे. एकोणतीस वर्षं लहान मुलांना शिकवूनही वाहती नाकं, मळकी नखं आणि डब्याच्या झाकणाला चिकटलेलं लोणी तिच्या अंगवळणी पडलं नव्हतं. मधल्या सुट्टीत तिच्या तिसरीच्या वर्गातली तेवीस मुलं लोणी लावलेल्या पावावर चॉकलेटचे बारीक काळे दाणे पसरून खात, ते दाणे बाकांवर सांडत, आणि कुणी बोटाला थुंकी लावून ते टिपायला लागलं की मारिट खिडकीबाहेर कालव्याकडे बघत बसे. मुलांवर तिची माया नव्हती असं नाही. पण ती हातभर लांबून होती. एका गोष्टीचा मात्र तिला मनापासून अभिमान होता. इतक्या वर्षांतल्या एकाही मुलाचं नाव ती विसरली नव्हती. बाजारात एखादा दाढीवाला बाप्या समोर आला, तरी ती त्याला नावानं हाक मारी आणि तो जागच्या जागी आठ वर्षांचा होऊन लाजे.

ऑक्टोबरच्या सुट्टीनंतरच्या सोमवारी तिनं दरवर्षीप्रमाणे सामान्यनाम आणि विशेषनाम शिकवायला घेतलं. गाव म्हटलं की कुठलंही, डेल्फ्ट म्हटलं की एकच. मुलगी म्हटली की कुणीही, पण ओडा म्हटली की तिसऱ्या बाकावरची, पिंगट केसांची, सतत मान तिरकी करून बसणारी ती एकटीच. "विशेषनाम गेलं की माणूस गर्दीतला एक होतो," मारिट म्हणाली. हेही ती दरवर्षी म्हणे. मग घरचा अभ्यास दिला: घरातल्या प्राण्यांची यादी करा, डावीकडे सामान्यनाम, उजवीकडे त्याचं विशेषनाम.

मंगळवारी याद्या आल्या. मांजरं होती, कुत्री होती, एक कासव होतं, आणि एकानं कुत्र्याच्या खाली आजी लिहिली म्हणून वर्ग पोट धरून हसला. ओडाच्या कागदावर डावीकडे एकच शब्द एकाखाली एक तेवीस वेळा लिहिला होता: ऊ. उजवीकडे वर्गातल्या बाकीच्या बावीस मुलांची नावं होती. हिल्डे, रूबेन, मेस, यास्पर, अशी सगळी. तेविसावं नाव मारिट होतं.

"घरातले प्राणी लिहायला सांगितले होते, ओडा."

"घरातलेच आहेत, बाई. डोकं माझंच आहे ना."

"आणि त्यांना आमची नावं कशाला ठेवलीस?"

"मी नाही ठेवली," ओडा समजुतीनं म्हणाली. "ती त्यांचीच आहेत."

मारिटनं तो कागद एका कोपऱ्याला दोन बोटांत धरून टोपलीत टाकला आणि साबणानं तीनदा हात धुतले. ती कुणाला काही बोलली नाही, कारण दुसऱ्या दिवशी बुधवार होता, आणि सुट्टीनंतरच्या बुधवारी मुलांच्या आयांपैकी कुणीतरी येऊन सगळ्यांची डोकी तपासतच असे.

या वेळी कोरी आली, यास्परची आई, मोठ्या आवाजाची आणि कशाचीच घाण न वाटणारी बाई. तिनं बाहेरच्या पडवीत खुर्ची मांडली, मांडीवर पांढरा कागद पसरला आणि फणी घेऊन एकेकाला पुढ्यात बसवलं. ओडाच्या केसांत फणी घालताच ती म्हणाली, "अगं, इथे तर अख्खं गाव वसलंय. आईचं लक्ष असतं कुठे तुझ्या?"

कागदावर एक ऊ पडली. रक्त पिऊन टरटरलेली, राखाडी, पाय झाडणारी.

"ती यास्पर आहे," ओडा म्हणाली. "तिला मारू नका."

"माझ्या पोरावर गेलीय म्हणायची. खादाड मेली," कोरी हसली.

ती ऊ कागदाच्या कडेकडे, मारिटच्या हाताकडे, सरकत होती. मारिटला ते सहन होईना. तिनं हातातल्या पेन्सिलीचं मागचं टोक तिच्यावर दाबलं. टच्च असा आवाज झाला आणि कागदावर लाल ठिपका राहिला.

"चल रे मुला, पुढे हो," कोरी म्हणाली. रांगेत पुढे तिचाच मुलगा होता. तिनं त्याचे केस विंचरले, टाळूची पापी घेतली आणि पाठीवर चापट मारून त्याला पिटाळलं. त्याला वर्गात बोलवायला मारिटनं तोंड उघडलं, आणि ते उघडंच राहिलं. नाव येईना.

"याचं नाव काय गं?" तिनं अखेर ओशाळून विचारलं.

कोरीला प्रश्नच कळला नाही. "मुलगा आहे माझा," ती म्हणाली.

भिंतीवरच्या खुंट्यांना प्रत्येकाच्या कोटाची कापडी पिशवी टांगली होती, उवा एका कोटातून दुसऱ्यात जाऊ नयेत म्हणून, आणि प्रत्येक पिशवीवर आईनं लाल दोऱ्यानं नाव भरलं होतं. त्या मुलानं ज्या पिशवीतून आपला कोट काढला तिच्यावर लाल दोऱ्यानं 'मुलगा' एवढंच भरलेलं होतं. मारिटनं ते दोनदा वाचलं.

"ओडाच्या आईला फोन केलाय," फणी पुसत कोरी म्हणाली. "औषधाची बाटली घरात आहेच. बुधवारची अर्धी शाळा सुटली की बारा वाजता न्यायला येते आणि जेवण झालं की डोकं चोपडते. एक जिवंत राहायची नाही."

"औषध नको," मारिट म्हणाली. "नको म्हणून सांग तिला."

"तुम्ही सांगताय हे, बाई? पोरांची पेन्सिल रुमालानं उचलणाऱ्या तुम्ही?"

बाराला दहा मिनिटं असताना मारिटनं बाकीच्यांना मैदानात सोडलं आणि ओडाला थांबवून घेतलं. ओडाच्या डोळ्यांत पाणी होतं.

"बावीस उरल्यात, बाई. त्यांना कुठे ठेवू?"

"डबी देते."

"डबीत मरतात त्या. त्यांना डोकं लागतं."

बाहेर मुलं एकमेकांना नावांनी हाका मारत पळत होती. मारिट ऐकत उभी राहिली. मग तिनं दार लोटलं, रोज धुतलेल्या केसांच्या अंबाड्यातल्या पिना एकेक काढून टेबलावर ठेवल्या, मुलांच्या ठेंगण्या खुर्चीवर बसली आणि ओडाच्या दमट, नासक्या दुधाच्या वासाच्या डोक्याला तिनं आपलं डोकं टेकवलं.

"केसाला केस लागू देत," ओडा कुजबुजली. "येतात त्या."

आधी काहीच झालं नाही. मग कानामागे काहीतरी हललं.

"हिल्डे आली," ओडा म्हणाली. "रूबेन. मेस."

मारिटनं बाकाची कड घट्ट धरली. पण डोकं हलवलं नाही. नावं येत राहिली, मानेवरून, टाळूवरून, आणि प्रत्येक नाव तिला नखाएवढ्या जागेत वेगळं जाणवत राहिलं. फाटकाशी सायकलची घंटा वाजली. पुन्हा वाजली.

"एकवीस," ओडा म्हणाली आणि तिनं डोकं उचललं. "सगळे आले, बाई. फक्त तुम्ही राहिलात."

"नीट शोध."

"शोधलं. ती मागे माझ्या मानेशी बसलीय. येतच नाही." ओडानं मान तिरकी करून मारिटच्या मोकळ्या केसांकडे पाहिलं. "तिला तुमची किळस येते."

दारात आई आली, उशिराबद्दल पुटपुटली आणि ओडाला हाताला धरून घेऊन गेली.

दोनच्या सुमाराला शाळा झाडायला माणूस आला तेव्हा तिसरीच्या वर्गात मुलांच्या खुर्चीवर कुणी एक बाई बसली होती, केस मोकळे सोडून. समोर हजेरीपुस्तक उघडं होतं. त्यातली मुलांची नावं ती एकेक करून मोठ्यानं वाचत होती, एकही न चुकता, आणि प्रत्येक नावाला डोक्यात बोट घालून अगदी हळू, जपून खाजवत होती.