बिनसेलचं हेलिकॉप्टर

बॅडमिंटन हॉलमधलं जाळं काढून कोपऱ्यात गुंडाळून टाकलं होतं आणि त्या जागी दोनशे माणसं प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर तोंडाचा आ करून बसली होती. त्यांच्यासमोर, माणसाच्या डोक्याएवढ्या उंचीवर, एक लाल हेलिकॉप्टर हवेत उभं होतं. हातभर लांबीचं, रिमोटवर उडणारं, दुकानात मिळतं तसलंच. पण ते तसूभर हलत नव्हतं. रिमोट होता खुर्चीत बसलेल्या एका म्हाताऱ्याच्या हातात, आणि या म्हाताऱ्याला सकाळचा चहा निम्मा बशीत सांडल्याशिवाय पिता येत नव्हता, हे हॉलमधल्या निम्म्या लोकांना ठाऊक होतं.

म्हातारा म्हणजे शहरातला जुना पेंटर. चाळीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवल्या. पट्टी न लावता शिडीवर उभा राहून सरळ रेघ ओढायचा. तीन वर्षांपूर्वी उजवा हात कापायला लागला, मग डावा. डॉक्टरीणबाईंनी दिवसातून चारदा घ्यायच्या गोळ्या दिल्या आणि बोटांना चाळा म्हणून काहीतरी खेळत जा, असं सांगितलं. त्या खेळातून हे हेलिकॉप्टर आलं आणि हेलिकॉप्टरच्या मागोमाग स्थिरबाबा.

स्थिरबाबा पांढराशुभ्र लांब कोट घालून माइकपाशी उभा होता. "यंत्र म्हणजे मनाचा आरसा," तो मधाळ आवाजात म्हणाला. "मन डळमळलं की यंत्र डळमळतं. पेंटरकाकांच्या हातातलं कंपन मी माझ्यात ओढून घेतलंय. बघा, माझी करंगळी बघा." करंगळी थरथरत होती. पुढच्या रांगेतल्या दोन बायकांनी डोळे पुसले. करंगळी हलवायला काय लागतं, ती तर तान्ह्या पोरालाही हलवता येते. पण विचारणार कोण?

तिसऱ्या रांगेत पेंटरची मुलगी बसली होती. बाजाराच्या मागच्या गल्लीत तिचं रिमोटच्या खेळण्यांच्या दुरुस्तीचं दुकान होतं आणि सगळे तिला स्क्रूताई म्हणत. नवशिक्याच्या हातात हेलिकॉप्टर किती टिकतं ते तिच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं. साधारण तीन सेकंद. तळहातावर काठी उभी तोलायची, तीही वाऱ्यात, असा तो प्रकार. धडधाकट तरुणांना महिना लागतो. आणि तिच्या अप्पांनी पहिल्याच बैठकीत पाच मिनिटं ते खिळ्याला टांगल्यासारखं उभं ठेवलं होतं. दृष्ट लागू नये म्हणून बाबानं त्यांच्या हातांवर आणि रिमोटवर पांढरा रुमाल पांघरला होता. तो रुमाल तिला खटकला, पण नेमकं काय खटकलं ते तिला सांगता येईना.

घरी आल्यावर अप्पांनी गोळ्यांची बाटली उचलून कपाटाच्या वर ठेवली. बाबानं सांगितलं होतं की गोळीनं कंपन अंगात कोंडतं, ती बंद केली तरच ते पुरतं निघून जातं. स्क्रूताईनं समजावलं, चिडून बघितलं, शेवटी डॉक्टरीणबाईंना फोन लावून अप्पांच्या कानाला धरला. या गोळ्या एकदम सोडल्या तर अंग लाकडासारखं आखडतं, घास गिळता येत नाही, माणूस दगावू शकतो, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. अप्पांनी ऐकून घेतलं आणि फोन परत दिला.

"तू हॉलमध्ये होतीस ना?" ते म्हणाले. "डोळ्यांनी बघितलंस ना? मग आता डॉक्टरचं ऐकू की डोळ्यांचं?"

बघितलं तर तिनंही होतं.

बैठका रविवारी, बुधवारी आणि शुक्रवारी भरत. सोमवारी अप्पांनी दुकानातच हेलिकॉप्टर उडवून दाखवायचं ठरवलं. ते वर गेलं, डावीकडे कललं आणि भिंतीवर आपटून खाली आलं. अप्पा नेहमीप्रमाणे गांगरले आणि त्यांचा अंगठा वेगाच्या कांडीवर पुढे दाबलेलाच राहिला. पाती फरशीत अडकलेली, मोटर तरी जोर लावतेच आहे, असा दोन सेकंद खरखराट झाला. दोन्ही पाती तुटली, मधला दांडा वाकला, शेपटीची नळी मोडली आणि दातेरी चाकाचे दात साफ झाले. नवशिक्यांचा हा ठरलेला हिशोब. पडताना वेगाची कांडी मागे ओढून मोटर बंद केली तर एक-दोन पात्यांवर भागतं. पण घाबरलेला अंगठा मागे येत नाही, आणि मग चाक गेलंच म्हणून समजा. स्क्रूताई हे प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायची. गिऱ्हाइकं मान डोलवायची आणि पुढच्या आठवड्यात दात गेलेलं चाक घेऊन यायची.

अलीकडे मात्र गिऱ्हाइकं येईनाशी झाली होती. बाबानं हॉलच्या मागच्या खोलीत स्वतःचं दुरुस्ती केंद्र काढलं होतं. तिथं मोडलेल्या भागावरून माणसाचे दोष सांगत. पातं तुटलं तर राग. शेपटी मोडली तर अहंकार. दातेरी चाक गेलं तर पूर्वजांची नाराजी. खालचे पाय मोडले तर बायकोचा विरोध. एका बेकरीवाल्याच्या हेलिकॉप्टरची शेपटी चारदा मोडली होती आणि चारदा अहंकार काढून घेण्याच्या नादात त्यानं नव्या हेलिकॉप्टरच्या दुप्पट पैसे घातले होते. त्यानं दाखवलेली 'सिद्ध पाती' स्क्रूताईनं हातात घेऊन बघितली. ती स्वतः ज्या घाऊक दुकानातून पाती आणायची तिथलीच होती, फक्त टोकाला चांदीच्या रंगाचा ठिपका लावलेला.

"पण ताई, बाबांच्या हॉलमध्ये एकही पडत नाही," बेकरीवाला म्हणाला. "घरीच पडतात. घरात कुणीतरी अविश्वासू असतं, त्याची लहर लागते."

अप्पांनी हे ऐकलं आणि मान वळवून लेकीकडे बघितलं. त्यांच्या घरात दोनच माणसं होती.

बुधवारी ते शेजाऱ्यांबरोबर बैठकीला गेले. ती गेली नाही. तिची लहर नको म्हणून त्यांनीच तिला घरी थांबायला सांगितलं होतं. ते परत आले तेव्हा चेहरा फुललेला होता. आज सात मिनिटं, हॉल उभा राहिला, असं सांगत त्यांनी रिमोट टेबलावर ठेवला. स्क्रूताईनं तो आवरायला उचलला आणि तिला तो हलका लागला. पेंटरच्या घरात एक जुनी शिस्त होती: काम झालं की ब्रश धुवायचा, खेळणं झालं की सेल काढायचे, नाहीतर गळतात. मंगळवारी दुरुस्तीनंतर उडवून बघून काढलेले सहाही सेल डब्यात तसेच पडून होते. अप्पा ते घालायला विसरले होते. म्हणजे सात मिनिटं ते रिकामं खोकं हातात धरून बसले होते.

तिला वाटलं, सुटलो. तिनं रिमोटचं मागचं झाकण उघडून अप्पांसमोर धरलं, डबा दाखवला, एकेक सेल मोजून दाखवला. अप्पांनी वाकून त्या रिकाम्या खाचा बघितल्या.

"सेलशिवाय," ते हळूच म्हणाले. "पोरी, सेलशिवाय उडालं ते. केवढी त्यांची शक्ती."

तिनं कपाळाला हात लावला. माणसाला एकदा मानायचं असलं की पुरावा उलटाही चालतो. अप्पांनी लगेच बाबाला फोन केला. पलीकडचा गडी तयारीचा. शुक्रवारी सकाळी हॉलच्या दारावर फलक लागला: 'आज बिनसेलचा चमत्कार'.

शुक्रवारपर्यंत गोळ्या सोडून पाच दिवस झाले होते. अप्पांना शर्टाचं एक बटण लावायला दहा मिनिटं लागत होती. पोळीचा तुकडा तोंडात घोळत राही. आवाज खोल गेला होता, विचारलं तर म्हणत की कंपन बाहेर पडतंय. त्यांना जबरदस्तीनं गोळी भरवणं शक्य नव्हतं. स्क्रूताईनं बाटली पर्समध्ये टाकली, कोपऱ्यातली छत्री घेतली आणि त्यांच्याआधी हॉल गाठला.

दोन दिवस दुकानात बसून तिनं एकच गोष्ट घोळवली होती. या हेलिकॉप्टरला बॅटरी जोडली की जो रिमोट आधीपासून चालू असेल त्याच्याशी ते जुळतं आणि मग दुसऱ्या कुणाला जुमानत नाही. बाबा बॅटरी स्वतःच्या हातानं जोडायचा आणि 'मी सांगेपर्यंत बटण दाबायचं नाही' असं बजावायचा. म्हणजे चालू असलेला रिमोट दुसऱ्याच कुणाकडे होता. आणि तो ज्याच्याकडे असेल त्याला हेलिकॉप्टर दिसलंच पाहिजे. न बघता उडवणारा अजून जन्माला यायचाय.

म्हणून या खेपेला तिनं हेलिकॉप्टरकडे पाठ केली आणि माणसांकडे बघायला सुरुवात केली. लाल हेलिकॉप्टर वर गेलं, लोकांनी हात छातीशी नेले, मोबाइल उंचावले, टाळ्या वाजवल्या. अडीचशे माणसांचे हात दिसत होते. रुमालाखालचे अप्पांचे सोडले तर एकाचेच दिसत नव्हते. बाजूच्या भिंतीशी साउंडवाला बसला होता, चाळिशीचा, कानाला हेडफोन. त्याच्यासमोर बटणांनी भरलेलं टेबल होतं, टेबलाला खालपर्यंत काळं कापड होतं आणि त्याचे दोन्ही हात त्या कापडाखाली. बटणांना कुणाचं बोट लागत नव्हतं, तरी संगीत चालूच होतं.

स्क्रूताई उठली, शांतपणे चालत त्याच्यासमोर गेली आणि छत्री उघडली.

कुणीतरी हसलं. साउंडवाल्यानं मान डावीकडे काढली; छत्री डावीकडे गेली. त्यानं उजवीकडे काढली, छत्रीही तिकडे. इकडे पाच मिनिटं न हललेलं हेलिकॉप्टर दारू प्यायल्यासारखं डुलायला लागलं. साउंडवाला खुर्चीवरून अर्धा उठला आणि त्याच क्षणी ते बाबाच्या मागच्या पडद्यावर आपटून खाली कोसळलं.

"अविश्वासाची लहर," बाबा गरजला. "मी म्हटलं नव्हतं? पोटच्या पोरीनं बापाची साधना मोडली."

हॉल तिच्यावर उलटला. हाकला तिला, असा गलका झाला आणि एकानं तिचा दंड धरला. तिनं तो झटकला, पडद्यापाशी जाऊन हेलिकॉप्टर उचललं आणि थेट बेकरीवाल्यासमोर धरलं.

"तुमचं चारदा पडलं. चारही वेळा दातेरी चाक गेलं की नाही?"

"गेलं," तो म्हणाला.

"माझ्या अप्पांचंही दर वेळी जातं. घाबरलेल्या माणसाला मोटर बंद करायचं सुचत नाही. आता हे चाक बघा. एक दात गेलेला नाही. पडायच्या आधी कुणीतरी मोटर बंद केली. अप्पांच्या रिमोटमध्ये सेलच नाहीत, मग बंद केली कुणी?"

बेकरीवाल्यानं चाकावरून बोट फिरवलं. चार दुरुस्त्यांत त्याला ते चाक पाठ झालं होतं. त्यानं मान वर केली, साउंडवाल्याकडे बघितलं आणि तीन ढांगांत जाऊन टेबलावरचं काळं कापड ओढलं. साउंडवाल्याच्या मांडीवर रिमोट होता, दिवा लागलेला.

बाबाचा चेहरा उतरला, पण जीभ नाही. ती व्यवस्था फक्त सुरक्षेसाठी होती, तो म्हणाला, खरी शक्ती वेगळी. मग त्याला शेवटची काडी सापडली. "पेंटरकाका, तुम्हीच सांगा सगळ्यांना. तुमचे हात स्थिर झाले की नाही?"

सगळा हॉल अप्पांकडे वळला. ते रुमालाखाली हात घेऊन तसेच बसले होते. स्क्रूताईला वाटलं, आता हे हो म्हणतील आणि आपण यांना कायमचं गमावू. ती पुढे झाली नाही. अप्पांनी आखडलेल्या बोटांनी स्वतःच रुमाल बाजूला केला. रिमोट मांडीवरून घसरून पडला. दोन्ही हात पाण्यातल्या पानासारखे हलत होते.

"रविवारीही असेच कापत होते," ते म्हणाले. आवाज इतका खोल होता की मागच्या रांगा पुढे वाकल्या. "बुधवारीही. रुमालाखाली मला कळत होतं. माझेच हात, मला नाही कळणार? पण समोर ते हलत नव्हतं, तुम्ही टाळ्या वाजवत होता आणि मला बरं व्हायचं होतं. म्हणून मी माझ्या हातांनाच खोटं ठरवलं." ते थांबले, श्वास घेतला. "चाळीस वर्षं पाट्या रंगवल्या. रेघ वाकडी आली तर वाकडीच म्हणायचो, मालकानं कौतुक केलं तरी पुसून पुन्हा काढायचो. इथं मात्र तपासून बघितलं नाही. तुम्ही बघा. रुमाल आला की आधी तो उचलून बघा, आणि औषध सोडायला सांगणारा कितीही गोड बोलला तरी आधी डॉक्टरला विचारा. एवढंच सांगतो."

बाबा बाजूच्या दाराकडे सरकत होता. तिथं सिद्ध पाती विकत घेतलेले सात-आठ जण आधीच उभे होते. अप्पांनी तिकडे बघितलंही नाही. ते लेकीला शोधत होते.

"गोळी आणलीयस का?" त्यांनी विचारलं.

तिनं पर्समधून बाटली काढली. बेकरीवाल्यानं पाण्याचा ग्लास आणून दिला. अप्पांनी तो तिच्या हातून घेतला, दोन्ही हातांनी धरला आणि अडीचशे माणसांसमोर निम्मं पाणी शर्टावर सांडत गोळी गिळली.